हेळवी, रेकॉर्ड रूम आणि पाच हजारांची फ्रेम: घराण्याची माहिती काढायला पैसे कुठं घालावेत

आधी निकालच सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक इथंच सुटतील. घराण्याची माहिती काढायला आम्ही चार ठिकाणी पैसे आणि वेळ घातला. त्यात वंशावळीची वही वाचणाऱ्या हेळव्याला दिलेले पैसे सगळ्यात जास्त वसूल झाले, तहसीलच्या रेकॉर्ड रूमनं सगळ्यात जास्त हेलपाटे घालायला लावले पण पक्कं काही हातात पडलं असेल तर ते तिथूनच, मोडी वाचून देणारे गुरुजी म्हणजे देवमाणूस, आणि 'तुमची वंशावळ आम्ही शोधून देतो' म्हणून पॅकेज विकणारी जी मंडळी ऑनलाइन फिरतायत (नाव लिहीत नाही, सगळ्यांची जाहिरात साधारण सारखीच असते) त्यांच्या नादी कृपा करून लागू नका.

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, हिरण्यकेशीच्या काठाला. तालुका मुद्दाम सांगत नाही, पुढं ऑफिसचं वर्णन आहे. बाजाराच्या दिवशी निम्मी बोलणी कानडीत चालतात असला भाग. आणि हे सगळं सुरू व्हायचं कारण म्हणजे नदीकाठचं रान. आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलोय की नदीकाठचं सोन्यासारखं रान थोरल्या घरानं खाल्लं, पणजोबा पोरके होते, चुलत्यानं अंगठा घेतला आणि लुबाडलं. त्यावरनं दोन घरांत लग्नाची पत्रिका जात नाही, मयताला तेवढं जातात, ते पण मागच्या मागं परत. मला जमीन नको होती हो, पुण्यात बसून मी काय करणार आहे नदीकाठच्या रानाचं, मला फक्त नक्की झालं काय होतं ते बघायचं होतं.

हेळवी ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही जमात. पूर्वी बैलावर बसून, पायावर वाकळ पांघरून, घंटी वाजवत यायचे असं जुनी माणसं सांगतात, आता मोटरसायकलवर येतात आणि फोन पण करून येतात. प्रत्येक हेळव्याची गावं आणि घरं ठरलेली असतात, बापाची घरं पोराकडं येतात, त्यामुळं तुमचा हेळवी तुम्ही निवडत नाही, तो तुम्हाला मिळालेला असतो. सुगी झाली की येणार, वही काढणार, तुमचा वंश वाचून दाखवणार, नवीन जन्मलेली पोरं लिहून घेणार, आणि धान्य, कपडा, पैसे जे काय असेल ते घेऊन जाणार. काही वर्षांची दांडी पण मारतात, आमच्याकडं कोविडनंतर पहिल्यांदाच आला.

तर हा आमचा हेळवी, वय असेल पन्नासच्या आसपास, बॅगेतनं लाल कापडात गुंडाळलेली वही काढली, सोप्यात घोंगडं टाकायला लावलं, वहीला हळदकुंकू, नारळ, अगरबत्ती, आणि मग वाचायला जे सुरू केलं ते मी नुसती बघतच राहिले. वाचणं म्हणजे एका सुरात म्हणणं, मध्ये श्वास नाही. अमक्याला पोरं तीन, थोरल्याचा वंश सांगतो, मधला निपुत्रिक, धाकट्याला दोन, त्यातला एक देसावर गेला. देवक सांगितलं, कुलदैवत सांगितलं, मूळ गाव सांगितलं ते विजापूरकडचं, आणि तिथनं 'मोठ्या दुष्काळात' उठून इकडं आले म्हणाला. कोणता दुष्काळ म्हणून विचारलं तर 'मोठा'च. 1876 ते 78 चा जो दुष्काळ त्या भागाला झोडपून गेला तो धरला तर पिढ्या जुळत नाहीत, त्याच्या बऱ्याच आधीचं प्रकरण असणार. सालाचा आणि हेळव्याचा तसा काही संबंध नाही, हे समजून घेऊनच त्याच्यासमोर बसायचं. साल मिळत नाही, क्रम मिळतो. कोण कुणाचा, कोण थोरला, कुणाची कुठली बायको पहिली, आणि सुना कुठल्या गावच्या, हे मात्र तो धडाधड सांगतो आणि ह्या बाबतीत आमच्या घरातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला त्याला अडवता आलं नाही. उलट आत्तीला स्वतःच्या आज्जीचं माहेर माहीत नव्हतं, ते त्यानं सांगितलं.

आणि एका ठिकाणी तो थांबला. पणजोबांच्या बापाच्या पिढीला आला, बाप, आई आणि एक भाऊ अशा तीन नावांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे मानमोडीत गेलं, घर बसलं, हे एक पोरगं राहिलं. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, देशात कोटीच्या वर माणसं गेली त्यात. आमच्या घरात कुणालाही, अगदी कुणालाही, हे माहीत नव्हतं. आम्हाला 'पणजोबा पोरके होते' एवढंच माहीत, पोरके कशानं झाले हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

बाकी तक्रार एकच. वहीत लेकी नाहीत. भावाच्या दोन मुलींची नावं घाल म्हटलं तर हसला, म्हणाला, "लिवतो की अक्का, पैसं तुमचं, वही तुमची. पण लेकीचा वंश तिच्या सासरच्या हेळव्याकडं जातोय, माझ्याकडं फुडं काय लिवू?" तरी लिहून घेतली, मी समोर बसून लिहून घेतली. पुढच्या वेळी वाचतो का नाही ते बघायचं. आम्ही त्याला पैसे, शेंगांचं एक पोतं आणि वहिनीनं आणलेली शाल दिली. हटून मागत नाही पण काय द्यायचं ते वहीत लिहून ठेवतो आणि मागच्या वेळी तुमच्या आजोबांनी खोंड दिला होता हे सगळ्यांसमोर वाचून दाखवतो, त्यामुळं कमी देता येत नाही, हे लक्षात ठेवा. पाचपैकी साडेचार, अर्धा लेकींचा कापला.

आता ते पॅकेज. हेळवी यायच्या आधी माझ्या चुलतभावानं हौसेनं हे करून ठेवलेलं, चार हजार नऊशे नव्व्याण्णव भरून. व्हॉट्सॲपवर फॉर्म आला, त्यात आपणच आपल्या आजोबा पणजोबांची नावं भरून द्यायची. दोन महिन्यांनी फ्रेम आली. सोनेरी बॉर्डर, वर ढाल तलवार, खाली आम्हीच दिलेली चार पिढ्यांची नावं, त्याच्यावर एक ठिपक्यांची रेघ आणि रेघेच्या वर डायरेक्ट सूर्यवंश. मधल्या पंधराशे दोन हजार वर्षांचं काय तर 'माहिती संकलन सुरू आहे'. गाव पण दुसऱ्याच जिल्ह्यातलं, त्याच नावाचं दुसरं गाव आहे तिकडं, गुगलवर ते आधी येतं. फोन केला तर म्हणे दुरुस्तीचे वेगळे चार्जेस. फ्रेम चुलतभावाच्या हॉलमध्ये लागलेली आहे, पाहुणे कौतुक करतात, आणि तो पण आता काही बोलत नाही. शून्य देता येत नसेल तर एक द्या, काच चांगली आहे.

रेकॉर्ड रूमबद्दल सविस्तर लिहिते कारण खरं काम तिथंच होतं आणि लोक तिथंच कंटाळून परत येतात.

तुम्हाला तिथं दोन गोष्टी मागायच्यात. एक, गाव नमुना 14, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात, म्हणजे जुनी जन्म-मृत्यूची नोंद. 1969 चा कायदा लागू झाल्यावर ग्रामपंचायतीकडनं जन्म-मृत्यूचे दाखले निघायला लागले, त्याच्या आधीचं सगळं ह्या बुकात. दोन, जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना 6, आणि वारसाची नोंदवही 6-क. सातबाऱ्याच्या मागं लागू नका, सातबारा आज कुणाच्या नावावर काय एवढंच सांगतो आणि तो पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा घरबसल्या मिळतो. गंमत सगळी फेरफारात आहे. सातबाऱ्यावर नावांशेजारी गोलात जे नंबर असतात ते फेरफारांचे नंबर, ते आधी कागदावर उतरवून घ्या, मग त्या नंबराचे फेरफार मागा, त्यात आणखी जुन्या फेरफारांचे नंबर मिळतात, असं करत करत मागं जायचं. काही जिल्ह्यांचं जुनं रेकॉर्ड स्कॅन होऊन आपले अभिलेख पोर्टलवर आलंय, आधी तिथं बघा, आलं असेल तर तुमचे चार हेलपाटे वाचतील. मराठवाड्यातल्या लोकांनी मोडीच्या बरोबरीनं उर्दू वाचणारा माणूस पण शोधून ठेवा, निजामाचं रेकॉर्ड आहे ते, आणि खासरा पाहणी पत्रक मागा. विदर्भाची नावं आणखी वेगळी, तिकडचं मला सांगता येणार नाही.

अर्ज साधा असतो, गाव, नमुना, साल, स्टँप चिकटवायचा. अडचण कारणाच्या रकान्यात आली. मी लिहिलं, कौटुंबिक माहितीसाठी. खिडकीवरचे साहेब म्हणाले, दाखला कुणाचा काढायचाय? म्हटलं कुणाचाच नाही. मग व्हॅलिडिटी (जातीची पडताळणी)? नाही. कोर्टात केस आहे? नाही हो. मग कशाला पाहिजे? आता ह्याला काय उत्तर द्यायचं. त्यांचं पण बरोबर आहे, 2023 ला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून ह्या बुकांना जेवढे हात लागलेत तेवढे आधीच्या शंभर वर्षांत लागले नसतील. ओबीसीच्या पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, त्यामुळं रांगेतला जवळजवळ प्रत्येक माणूस जातीच्या रकान्यासाठी आलेला. नुसतं पणजोबा कसे पोरके झाले ते बघायला कुणीतरी पुण्याहून आलंय हे ऐकून रांगेतले दोघं-तिघं हसलेच. शेवटी एका वकिलांनी सांगितलं, 'वारस तपासणीकामी' लिहा. लिहिलं, अर्ज गेला.

मग या परत, साहेब मीटिंगला, या परत, रेकॉर्डवाले रजेवर, या परत, गठ्ठा सापडत नाही. ह्यात कुणी पैसे मागितले नाहीत हे पण लिहायला पाहिजे. कंटाळा हाच काय तो खर्च. एक सल्ला, सोमवार टाळा आणि जेवणानंतर जाऊ नका. आणि शिपाईमामांशी नीट बोला, कुठल्या रॅकवर कुठल्या गावाचा गठ्ठा हे साहेबांना नाही, त्यांना माहीत असतं. आमचा गठ्ठा शेजारच्या गावाच्या कापडात बांधला गेलेला, मामांना आठवलं म्हणून सापडला, नाहीतर 'आढळून येत नाही' असा शेरा मारून मला घरी पाठवलं असतं.

आता ते पान. फोटो काढू देत नाहीत, नक्कल मागायची, पण बघायला मिळालं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, मधला भाग शाबूत, शाई तपकिरी झालेली. 1918 चं ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. इतर महिन्यांना अख्ख्या गावाचं एकेक पान पण भरत नाही, ह्या दोन महिन्यांची पानंच्या पानं, ओळीखाली ओळ, लिहिणाऱ्यानं शेवटी शेवटी रकान्यांच्या रेघा मारायचं पण सोडलेलं. मृत्यूचं कारण प्रत्येक ठिकाणी 'ताप'. मानमोडी हा शब्द कुठंच नाही, नुसतं ताप, ताप, आणि त्याच्या खाली दोन टिंबं, म्हणजे वरीलप्रमाणे. आमच्या घरातली तीन नावं सापडली, तीनही एकाच आठवड्यातली. आधी भाऊ, वय 9. मग आई, तिचं नाव आहे, 'कोम' अमुक म्हणून, म्हणजे अमक्याची बायको. मग बाप, वय 32. आणि खबर देणाराचं नाव असतं एका रकान्यात. पहिल्या दोन्हीला खबर देणारा थोरल्या घरातला चुलता. तिसऱ्याला खुद्द कोतवाल. गुरुजींनी नंतर हे वाचून दाखवल्यावर आम्ही पुढची ओळ बघितली, तर थोरल्या घरात पण त्याच दिवशी एक मयत. म्हणजे तो चुलता खबर द्यायला जाणार कसा.

हे पान बघितल्यावर मला जमिनीचं काही वाटेनासं झालं होतं खरं सांगायचं तर, पण फेरफार मागितलेले होते ते पण आले.

जन्माच्या नोंदी शोधणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना, बऱ्याच जन्मनोंदीत बाळाचं नावच नसतं. बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते, मग नाव कुठलं येणार. त्यामुळं पणजोबांची जन्मनोंद नक्की कुठली हे भावंडांचा क्रम लावून ठरवावं लागतं आणि तो क्रम फक्त हेळव्याकडं. म्हणून म्हणते, हेळवी आधी, ऑफिस नंतर.

मोडीवाले गुरुजी. मोडी शाळेतनं गेली पन्नासच्या दशकात, त्यामुळं ज्यांना ती शाळेत शिकून येते अशी माणसं आता ऐंशी-नव्वदीच्या घरात. बाकीचे सगळे कोर्स करून शिकलेले. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग चालतात, पुराभिलेख खातं पण घेतं. आमचे गुरुजी रिटायर्ड शिक्षक, कोर्स करून शिकलेले, आणि पानाप्रमाणे पैसे घेतात, तेही इतके कमी की सांगायची लाज वाटते. गेल्या दोन-तीन वर्षांत ह्या लोकांना श्वास घ्यायला वेळ नाही, महिनाभर थांबावं लागलं. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व दीर्घ बघायचं नाही, हात न उचलता ओढत नेलेलं, त्यात लिहिणाऱ्याला घाई. गुरुजी भिंग घेऊन बसतात आणि आधी पूर्ण पान मनात वाचतात, एक अक्षर बोलत नाहीत, मग एकदम सांगतात. जिथं अक्षर लागत नाही तिथं 'लागत नाही' असं लिहून देतात, अंदाजे नाव घालत नाहीत, ह्यासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देते. दुसऱ्या एकाकडं आधी गेलो होतो, तो माणूस पानावर नजर टाकून धडाधड बोलत होता, आणि आमच्या आडनावाचा उच्चार आम्ही सांगितल्यावर त्याला प्रत्येक ओळीत आमचं आडनाव दिसायला लागलं. तिथनं उठलो.

गुरुजींनीच एक गोष्ट दाखवली जी मी कधी बघितली नसती. 1918 लाच शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी आणले, त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद शेजारी ठेवले की हात बदललेला दिसतो. आधीचं वळण एकच, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरातलं, सुंदर आणि वाचायला महाकठीण. नंतरचं अक्षर कसंतरी पण लागतं. नवीन माणसाला गाव माहीत नव्हतं म्हणून तो सगळं सविस्तर लिहितो, जुन्याला सगळे ओळखीचे म्हणून तो अर्धंच लिहितो. आपल्याला फायद्याचा नवीनच.

तर फेरफार. पहिला वारसाचा, मयत अमुक, वारस मुलगा, वय 6, अ.पा.क. चुलता. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, जुन्या उताऱ्यांवर ही अक्षरं सारखी दिसतात आणि लोकांना वाटतं हे कुणाचं तरी नाव आहे. म्हणजे सहा वर्षांच्या पोराला सांभाळायला घेणारा तोच चुलता, ज्याला आम्ही शंभर वर्षं शिव्या घातल्या. दुसरा फेरफार 1921 चा, नदीकाठचं रान सावकाराकडं गहाण, चुलत्यानं टाकलेलं. हे ऐकल्यावर आमचा चुलतभाऊ जरा सरसावून बसला. तिसरा, गहाण सुटल्याचा. चौथा 1930 चा, सज्ञान झालेने अ.पा.क. चे नाव कमी, म्हणजे रान पूर्ण पणजोबांच्या नावावर, चुलत्याचं नाव गेलं. आणि पाचवा 1936 चा, खरेदीखत, नदीकाठचं रान पणजोबांनी थोरल्या घराला विकलं, वय 24, पैसे घेऊन, आणि खाली अंगठा नाही, सही. लगेच दोन महिन्यांनी सहावा फेरफार, पणजोबांनी माळाचा तुकडा विहिरीसकट घेतला. हा तुकडा म्हणजे आज आमचा ऊस ज्या रानात उभा आहे ना, तेच रान. नदीकाठाला दरवर्षी पूर येतो, 2019 ला आणि 2021 ला त्या रानातलं सगळं वाहून गेलं, आमचं माळावरचं वाचलं.

मी हे सगळं आत्तीला वाचून दाखवलं. आत्ती ऐंशीच्या पुढं आहे, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "कागद काय सांगतोय, लिवणारा त्यांच्याच पंगतीला जेवलेला." आता ह्यावर तुम्ही काय बोलणार. आणि खरं तर तिचं पण अगदीच खोटं म्हणता येत नाही, 1921 ला सावकाराचे पैसे कशाला लागले ते फेरफारात नाही, आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या खाण्याला लागले का थोरल्या घराच्या लग्नाला ते कोण सांगणार. मी तिला सहीचं सांगितलं तर म्हणाली, सही करायला चुलत्यानंच शिकवलं असणार. म्हटलं अगं म्हणजे शाळेत पण त्यानंच घातलं ना! त्यावर चहा ठेवायला उठली.

थोरल्या घरातल्या काकांना मात्र बातमी कुठून तरी लागली, त्यांनी पोराला पाठवून 1936 च्या फेरफाराची आणि त्या ऑक्टोबरच्या पानाची झेरॉक्स मागून नेली. पत्रिका अजून येत नाही म्हणा.

आता बाकीच्या सेवा पटकन. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आमच्याकडच्या कुणाची तरी नोंद असेल म्हणून भाऊ जाऊन आला. तिथं गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्ये कोण ते लोकच सांगतात, वही काढतात, आणि आमच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर निघाला, चार ओळी, कोण कोण बरोबर आलं होतं ते. पूर्वज तीर्थाला गेलेच नसतील तर वहीत काहीच नसणार, आमच्याकडं आजोबांच्या आधी कुणाला नाशिक परवडलेलं दिसत नाही. आणि ज्यांना देवळाच्या पायरीवर सुद्धा येऊ दिलं नाही त्यांनी ह्या वह्यांत काय शोधायचं, ह्याच नाशकात 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला होता. त्या घरांना कोतवाल बुक जास्त उपयोगी, साथीत मेलेल्यांची नोंद तिथं एकाच बुकात, गावकुसाच्या आतला असो नाहीतर बाहेरचा.

फॅमिलीसर्च नावाची वेबसाइट आहे, फुकट आहे, त्यावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचे ढीगभर फोटो आहेत. उत्तरेकडच्या लोकांना सोन्याची खाण, आम्हाला काही मिळालं नाही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात वतन किंवा इनाम असलेल्या घरांनी जरूर जावं, संस्थान 1949 ला मुंबई राज्यात गेलं त्याच्या आधीचं बरंच दप्तर तिथं आहे. आमच्यासारख्या साध्या कुळवाड्याच्या घराला तिथं जायचं तर आधी तारीख आणि प्रकरण माहीत पाहिजे, नुसतं आडनाव घेऊन गेलात तर दिवस जाईल.

शेवटी हेळव्याबद्दलच एक. पुष्कळ घरांनी त्यांना येऊ देणं बंद केलंय, भिकारी समजून दारातनं घालवतात, आणि घर शहरात गेलं की वहीत पुढं काही लिहिलं जात नाही. आमच्या हेळव्याचा पोरगा बेळगावला आयटीआय करतोय, वाचायला येतं पण फिरायचं नाही म्हणतो. तेव्हा तुमचा येत असेल तर ह्या सुगीला घरी थांबा, तो वाचत असताना मोबाईलवर रेकॉर्ड करा (आधी विचारून, आमचा ऑडिओला हो म्हणाला, वहीच्या फोटोला नाही), आणि म्हाताऱ्या माणसांना शेजारी बसवा, कारण तो एक नाव घेतो आणि ह्यांना त्याच्यावरनं तीन गोष्टी आठवतात. आणि शेंगांचं पोतं आधीच बांधून ठेवा, निघताना घाई करतात.